आधी बोलेल तो हरला

जे. पी. नगरातल्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी अवरेच्या, म्हणजे इकडच्या वालाच्या, शेंगांचा ढीग पडला की माझं डोकं फिरतं. बाकीच्या बेंगळुरूला त्या वासाने भूक लागते. पोती फुटपाथवर ओतलेली असतात, शेंगांवर पहाटेचं दव तसंच असतं, आणि तेलकट, हिरवट, जरा उग्र असा वास सबंध रस्ताभर पसरलेला असतो. इथले लोक त्याला सोगडु म्हणतात. बायका शेंग उचलून नाकाशी धरतात आणि सोगडु असेल तरच भाव विचारतात. धुकं जितकं दाट तितका वास पक्का, असं शेंगवाली अक्का सांगते. तिच्याशी मी घासाघीस करत नाही. सगळ्या शहरात मी सांगितला भाव देतो अशी ती एकटीच. तिच्यासमोर जास्त वेळ उभं राहवत नाही, एवढंच कारण. पिशवी भरायची आणि निघायचं.

माझी बायको विमल म्हणते, वासावर कसला राग धरता? तिला काय सांगायचं. काही माणसांना उदबत्तीच्या वासाने मयत आठवतं. मला अवरेच्या वासाने एक काळा पडदा आठवतो, आणि त्याच्या डाव्या कोपऱ्यात लुकलुकणारी एक पांढरी रेघ.

आम्ही निपाणीचे. मी आणि शिवू, म्हणजे शिवानंद. तो माझ्याहून धाकटा, पण गल्ली एक. बेंगळुरूत मी आलो तेव्हा एस. पी. रोडवर एका शेठकडे वायरी सोलायचो. वरचं प्लास्टिक ब्लेडने उतरवून आतलं तांबं वेगळं करायचं. पुढच्या वर्षी शिवू आला आणि माझ्या शेजारी बसून सोलायला लागला. शेठ फार बोलायचा नाही, पण धंद्याचा एक मंत्र त्याने आम्हा दोघांना दिला. "दर सांगितला की तोंड शिवून बस. समोरचा चुळबुळ करेल, चहा मागवेल, घरची रडगाणी काढेल. तू भिंतीकडे बघ. आधी बोलेल तो हरला."

त्या एका वाक्यावर मी उभा राहिलो. कोणाचा बाप, कोणाचा काका मागे नव्हता. नंतर आम्ही दोघांनी जे. पी. नगरात दुकान काढलं. कंपन्यांनी काढून टाकलेले जुने संगणक घाऊक घ्यायचे, पुसायचे, दुरुस्त करायचे, त्यात लिनक्स नावाची सिस्टिम भरायची आणि शाळांना, क्लासना विकायचे. लिनक्स फुकट असते, जुन्या यंत्रावर हलकी चालते आणि गिऱ्हाइकाला परवडते. विकत घेणं-देणं माझं, यंत्रं शिवूची. तो यंत्रांशी बोलायचा. एखादं सुरू व्हायला नकार देऊ लागलं की त्याच्या डोक्यावर पंजा ठेवून म्हणायचा, "काय राजा, कुठं अडलं?" आणि खरंच, थोड्या वेळाने ते सुरू व्हायचं.

थंडीत आमचं दुकान अवरेच्या वासाने भरलेलं असायचं. सिस्टिम भरायला लावली की पडद्यावर एक पट्टी हळूहळू सरकत राहते. तोवर माणसाला दुसरं काम नसतं. विमल सकाळी शेंगांची पिशवी माझ्या हातात द्यायची. दोघांच्या मधे टोपली, खाली वर्तमानपत्र, समोर पट्टी. शेंग मोडायची, टक्, अंगठा फिरवायचा, दाणे टोपलीत. मग ते दाणे घरी भिजायचे आणि विमल एकेक चिमटीत धरून सालीतून बाहेर काढायची, आपल्याकडे वालाच्या डाळिंब्या काढतात तशा. त्यांचं सांबार संध्याकाळी दोन्ही घरी पोचायचं.

"अण्णा, ही पट्टी बघ," शिवू म्हणायचा, "आपल्या निपाणीच्या एस.टी.सारखी आहे. घाट सगळा चढते आणि स्टँडच्या तोंडाशी येऊन चहाला थांबते."

"तू शेंगा सोल. दाण्यात अळी टाकतोयस."

"अळी पण बेंगळुरूची आहे, अण्णा. तिला पण भाडं परवडत नाही."

असा तो. आता कोणी म्हणेल, मग भांडण कशाचं? तर ऐका.

हेब्बाळला तळ्याच्या बाजूला एक कंपनी बंद होत होती. संगणकांचा सगळा लॉट निघणार होता. मी आणि शिवू गेलो. खुर्च्या एकावर एक चढवलेल्या, कुंड्यांतली झाडं वाळलेली, भिंतीवर फ्रेमा काढल्याचे चौकोन. काचेतून तळं दिसत होतं आणि त्यावर धुकं. मूर्ती नावाचे गृहस्थ होते, तिथली यंत्रं सांभाळणारे. यंत्रं मी पाहिली. लहान, काळी, एकसारखी, स्वच्छ ठेवलेली. मनात ठरवलं, हा माल सोडायचा नाही. तोंडावर काही दिसू दिलं नाही. मूर्तींनी दर सांगितला, मी त्याहून बराच खालचा सांगितला आणि भिंतीकडे बघत बसलो.

मूर्तींनी कागद चाळले, पेन उघडलं, मिटलं. मग म्हणाले, "सर, ओंदु विषय..." म्हणजे, एक गोष्ट सांगायची आहे.

त्या टप्प्यावर प्रत्येकाकडे एक विषय असतो. मुलीचं लग्न, साहेबाचा राग, दुसऱ्या कोणाची आलेली जास्तीची ऑफर. आयुष्यभर मी हे विषय ऐकले आहेत. मी म्हटलं, "विषय राहू दे. दर बोला."

आणि तिथे शिवूने तोंड उघडलं. "अण्णा, ऐकून तरी घे. आणि दर सरी आहे त्यांचा. देऊन टाक. त्यांची पण नोकरी जातेय."

मराठीत बोलला, पण सरी, म्हणजे बरोबर, हा शब्द या शहरात कोणाला कळत नाही? मूर्तींनी मान वर केली. माझा सगळा सौदा त्या एका शब्दात गेला. ज्याला मी सोबत वायरी सोलायला बसवून घेतलं, ज्याने तोच मंत्र त्याच शेठकडून ऐकला, तो माझ्याच बाजूला बसून समोरच्याच्या वतीने बोलला. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी म्हटलं, "तू गप्प बस. यंत्रांशी बोलायचं तेवढं बोल. माणसांशी मी बोलतो."

मूर्तींनी जे सांगायचं होतं ते गिळलं. शिवूनेही गिळलं. माल मिळाला, पण त्यांच्या दराने. टेम्पो हेब्बाळच्या पुलावर अडकला तेव्हा शिवू बाहेर बघत होता, आणि सबंध बेंगळुरू ओलांडून आम्ही दुकानाशी उतरलो तेव्हाही बाहेरच बघत होता.

पुढचे काही दिवस डिस्कची वाट पाहण्यात गेले. कंपनीने जुन्या डिस्क काढून घेतल्या होत्या, नव्या यायच्या होत्या. आम्ही समोरासमोर बसून शेंगा सोलायचो. टक्, टक्. एस.टी. नाही, अळी नाही, काही नाही. एका दुपारी त्याने दुकानाची किल्ली टोपलीच्या शेजारी ठेवली. "अण्णा, हेब्बाळला दुसऱ्या एका कंपनीत घेतायत मला. सोमवारपासून. राहायलाही तिकडेच जातोय."

तो आणखी काही बोलेल अशी वाट पाहत मी भिंतीकडे बघत राहिलो. तोही उभा राहिला. एका शेठचे दोन शिष्य. रस्त्यावरून भाजीची गाडी गेली. मग त्याने हातावरची सालं झटकली आणि गेला.

त्याच्याशिवाय काय अडतंय, मला वाटलं. सिस्टिम भरताना त्याला मी वर्षानुवर्षं बघितलं होतं. कनकपुरा रोडकडच्या एका शाळेला मी शब्द दिला होता: संक्रांतीच्या आधी सगळी यंत्रं लावून देतो. दुकानात जे होतं नव्हतं ते त्या लॉटमध्ये गेलं होतं. यंत्रं चालली तर दुकान राहणार होतं, नाहीतर शटर. एवढा साधा हिशोब.

डिस्क आल्या. पहिलं यंत्र मी टेबलावर घेतलं, पेनड्राइव्ह लावला, पट्टी सरकत शेवटाला पोचली. पडद्यावर आलं, काम झालं, पेनड्राइव्ह काढा आणि एंटर दाबा. मी काढला. दाबलं. पडदा काळा झाला. डाव्या कोपऱ्यात पांढरी रेघ लुकलुकली आणि खाली एक ओळ आली: सुरू करण्यासारखं काही सापडलं नाही.

म्हटलं, पेनड्राइव्ह खराब. दुसरा आणला, नव्याने लिहिला, पुन्हा भरलं. काळा पडदा. म्हटलं, डिस्क खराब. डिस्क बदलली. काळा पडदा. दुसरं यंत्र घेतलं, तिसरं घेतलं, करत करत सगळ्यांत भरून पाहिलं. सगळी जणू एका आईची. यंत्र सुरू होताना एक बटण दाबलं की आतली निळी पाटी उघडते, आधी कुठे शोधायचं, मग कुठे शोधायचं हे तिथे ठरतं. त्या पाटीतला प्रत्येक खिळा मी फिरवून बघितला. अनोळखी सिस्टिम अडवणारा पहारा बंद केला. जुन्या पद्धतीने सुरू करायचा पर्याय शोधला, तर तो पुसट, बोटच घेईना. एकदा सिस्टिम भरल्यावर लगेच पाटीत डोकावलो, तर यादीत तिचं नाव होतं. यंत्र बंद करून परत सुरू केलं, आणि नाव गेलेलं. जसं कोणी पाटी पुसावी.

सगळ्यात जास्त संताप कशाचा आला सांगू? पेनड्राइव्ह लावून ठेवला की तेच यंत्र सुरळीत चालायचं. डिस्क उघडून दाखवायचं. आत मी भरलेली सिस्टिम जशीच्या तशी असायची, एकेक फाइल जागच्या जागी. काही तुटलेलं नाही, काही कमी नाही. फक्त यंत्र जागं झालं की त्याला ती दिसायची नाही. घरात माणूस बसलेला, दिवा लागलेला, आणि दारातून उत्तर यायचं की घरी कोणी नाही.

इंटरनेटवर विचारलं. तिथल्या लोकांनी आधी मलाच झापलं, की विचारण्याआधी शोधत जा. मग एकाने सांगितलं बॅटरी बदल, एकाने सांगितलं यंत्रच बदल. मी यंत्राच्या डोक्यावर पंजा ठेवूनही पाहिला. बोललो मात्र नाही. तेवढा मी खाली आलो नव्हतो.

विमल रोज डबा घेऊन दुकानात यायची, टेबलावरची उघडी यंत्रं बघायची. एक दिवस म्हणाली, "अहो, शिवूभावजींना एक फोन केलात तर जीभ झिजणार आहे का तुमची?"

"चूक त्याची आहे."

"असू दे की. चूक त्यांची, दुकान तुमचं."

म्हणून मी फोन लावला. मंत्रात फोन लावायला बंदी नाही, बोलायला आहे. त्याने लगेच उचलला. मी काही बोललो नाही. तोही बोलला नाही. त्याच्याकडे कुकरची शिट्टी झाली. माझ्याकडे पंखा करकरत होता. आम्ही एकमेकांचा श्वास ऐकत होतो, दोन जुने दलाल समोरासमोर बसावेत तसे. मला वाटलं, आता विचारेल, अण्णा, मशीन कशी आहेत? त्याला काय वाटत होतं ते त्याचं त्याला माहीत. मग कोणाचा तरी फोन बंद झाला. माझा की त्याचा, मला अजून सांगता येत नाही.

संक्रांत आली. शाळेने दुसरीकडून यंत्रं घेतली. घरोघर एळ्ळु-बेल्ला वाटत होते, तीळ, गूळ, खोबरं, शेंगदाणे. तीळ-गूळ खा आणि चांगलं बोला, असं इथले लोकही म्हणतात. मी दुकानात बसून जागेच्या मालकाला शटर कायमचं ओढायची तारीख सांगत होतो.

पुढे तो लॉट मी बोम्मसंद्र्याच्या एका गोडाउनला दिला. तिथे जुनी यंत्रं फोडून तांबं, ॲल्युमिनियम, पत्रा वेगळा करतात. सौदा करताना तिथल्या मालकाला माझी जीभ आवडली. त्याने मलाच खरेदीवर ठेवून घेतलं. आता मी दुसऱ्याच्या पैशाने, दुसऱ्यासाठी भाव पाडतो. पहिल्याच आठवड्यात माझीच यंत्रं फोडायला घेतली होती. मी उभा राहून बघितलं. हातोडीखाली काळे डबे एकेक करून उघडत होते. एक मी घरी नेलं. का नेलं, ते विमलनेही विचारलं नाही.

तेव्हापासून अवरे आल्या की मला जुनी तिडीक येते. जिथे गप्प बसायचं तिथे हा बोलला, आणि जिथे बोलायचं तिथे गप्प बसला. वर्षं गेली तरी मी हेच म्हणत होतो. यंदा कळलं की मला निम्मंसुद्धा माहीत नव्हतं.

या हंगामात मूर्ती गोडाउनवर आले. नव्या कंपनीची जुनी यंत्रं विकायला. केस पिकलेत, पण मी ओळखलं, आणि त्यांनीही. दर ठरायच्या आधीच ते कन्नडमध्ये म्हणाले, "सर, ती माझी यंत्रं कशी चालली? चांगली होती हो."

"चालली नाहीत."

"का? शिवानंद सरांनी केली नाहीत? मी तर सगळं सांगितलं होतं."

"कोणाला सांगितलं होतं?"

"शिवानंद सरांनाच. त्याच संध्याकाळी त्यांचा फोन आला होता. म्हणाले, सर, तुमचा विषय अर्धा राहिला, तो सांगा. म्हणून सांगितला."

मग त्यांनी तो विषय मलाही सांगितला. फार लहान होता. ती यंत्रं सुरू होताना डिस्कच्या एका छोट्या कप्प्यात एका ठराविक जागी, ठराविक नावाच्या फाइललाच हाक मारतात. तिथे कंपनीच्या जुन्या सिस्टिमची फाइल असायची. नव्या सिस्टिमने आपलं नाव कुठेही लिहिलं तरी यंत्र ते पुसून टाकतं. उपाय एवढाच, की नव्याची फाइल उचलून जुन्याच्या जागी, जुन्याच्या नावाने ठेवायची. "एका यंत्राला चहा निवायच्या आत होतं, सर," मूर्ती म्हणाले. "तेच सांगत होतो तुम्हाला."

त्यांच्या नव्या मालाला मी त्यांनी सांगितला तोच दर दिला. मालक त्यावरून ओरडला.

म्हणजे त्या सगळ्या दुपारी शिवू माझ्यासमोर बसून शेंगा सोलत होता, आणि त्याच्या तोंडात ते एक वाक्य होतं. किल्ली ठेवून उभा राहिला तेव्हा होतं. कुकरची शिट्टी वाजली तेव्हाही होतं. मी गप्प बस म्हटलं म्हणून माणूस एवढा गप्प बसतो? दुकान जाईपर्यंत? असा डूख कोणी धरतो का? विमलला मी हे ओरडून विचारलं. ती दाणे चिमटीत धरून सालीतून काढत होती. म्हणाली, "हो, धरतात काही काही लोक."

त्या रविवारी मी माळ्यावरून ते यंत्र काढलं. धूळ पुसली, पडदा जोडला, पेनड्राइव्हने सुरू केलं, कप्पा उघडला, फाइल उचलली, मूर्तींनी सांगितल्या जागी, सांगितल्या नावाने ठेवली. पेनड्राइव्ह काढला. बटण दाबलं. पडदा काळा झाला, कोपऱ्यात रेघ लुकलुकली, आणि मी डोळे मिटायच्या आत निळा उजेड पडला. आवाजही आला, लहानसा, स्वागताचा. त्या हंगामात मी भरलेली सिस्टिम. शाळेचं नाव मी टाकलं होतं ते मधोमध होतं, आणि खाली पासवर्डचा रिकामा चौकोन.

एवढी वर्षं मला वाटत होतं, हे सुरू झालं तर आनंद होईल. मी त्या उजेडाकडे बघत बसलो, आणि मला गोडाउनमधले काळे डबे दिसत होते. ती मेलेली नव्हती. एकही मेलेलं नव्हतं. सगळी अशीच होती, आत भरलेली, शाळेचं नाव मधोमध लिहिलेली, आणि आम्ही ती तांब्यासाठी फोडली. पासवर्ड मला आठवेना. मी यंत्र बंद केलं.

दर संक्रांतीला शिवूचा एक फोन येतो. त्या वर्षीपासून येतो. मी उचलतो, कोणी बोलत नाही, थोड्या वेळाने बंद होतो. यंदाही सकाळी आला. माझ्यापुढे टोपली होती. फोन मी मांडीशेजारी ठेवून त्याचा आवाज मोठा केला. या वेळी माझ्याकडे वाक्य तयार होतं, घोटून घोटून गुळगुळीत केलेलं. तुला माहीत होतं. बस, एवढंच. ते ओठापर्यंत आलं, आणि सवयीने माझी नजर भिंतीकडे गेली.

तिकडून आवाज आला. टक्. थोड्या वेळाने पुन्हा. टक्. तोही शेंगा सोलत होता. मी एक शेंग उचलली आणि मोडली. त्याने एक मोडली. हेब्बाळ ते जे. पी. नगर, मधे सगळं शहर, आणि एका फोनवर दोन टोपल्या. कितीतरी वेळ आम्ही असेच सोलत होतो. पट्टी सरकायला लावलेली असावी तसे. मग माझी टोपली संपली. तिकडचाही आवाज थांबला. थोडा वेळ नुसता श्वास, आणि फोन बंद.

विमल एळ्ळु-बेल्लाची ताटली घेऊन दारात उभी होती. "काय म्हणाले?"

"काही नाही."

"आणि तुम्ही?"

मी सालं गोळा करायला लागलो. तिने ताटली माझ्यासमोर ठेवली. "गप्पच बसायचंय तर तोंड रिकामं कशाला ठेवता? खा."

सालं मी खाली गाईसमोर टाकून आलो. कोपऱ्यावर अक्का उरलेल्या शेंगा पोत्यात परत भरत होती. संक्रांतीनंतर अवरेचा सोगडु उतरतो. शेंगा आणखी काही दिवस येतात, पण नाकाशी धरल्या तर नुसता हिरवा पाला. बायका भाव विचारत नाहीत.